नावडतीचं नाव

श्रावणी सोमवारी शिवामुठीची कहाणी वाचायचं काम घरात माझ्याकडे होतं, कारण आजीला अक्षर दिसत नसे आणि आईचे हात पिठात असत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचा गोठा. एका सोमवारी वाचता वाचता मी थांबले आणि विचारलं, "आजी, नावडतीचं नाव काय होतं?" आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नावडती म्हंजे नावडतीच. तिले नाव कायले पाहिजे?"

ही प्रस्तावना त्या प्रश्नापासून सुरू होते, कारण पुढच्या वर्षभरात आपण जी पुस्तकं मिळून वाचणार आहोत, त्या सगळ्यांच्या मुळाशी मला तोच प्रश्न दिसतो. विषय एका ओळीत सांगायचा तर असा: अद्भुताच्या वाटेनं जाऊन स्वतःला ओळखणारी बाई. परीकथा, जादू, दुसरं जग, बोलणारे प्राणी, जमिनीखालचे रस्ते, आणि या सगळ्यातून चालत जाणारी एक स्त्री, जिला शेवटी कळतं की आपण कोण आहोत. असल्या कादंबऱ्या म्हणजे इंग्रजी शाळेतल्या पोरींचं वाचन, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. वर्धा जिल्ह्यात बसून मला तसं वाटत नाही. वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर ही गोष्ट फार जुनी आहे.

आधी त्या कहाणीचंच पुढचं बघू. नावडती गुरं घेऊन रानात जाते. तिथं तिला नागकन्या, देवकन्या भेटतात. त्या तिला आपल्याबरोबर महादेवाच्या देवळात नेतात, वसा सांगतात. पुढे एका सोमवारी सगळं घर तिच्यामागे रानात येतं, आणि देऊळ सोन्याचं होतं. राजा आपलं पागोटं खुंटीवर ठेवतो, तळं बघायला बाहेर जातो. पागोटं आठवून परत येतो तर सोन्याचं देऊळ नाही, तिथं एक लहानसं देऊळ, आत पिंडी आणि खुंटीवर पागोटं. मला आजही हे पागोटं मराठीतल्या अद्भुताचा सर्वांत सुंदर तपशील वाटतं. सोनं नाहीसं झालं, पण पागोटं राहिलं. म्हणजे जे घडलं ते खरंच घडलं होतं.

आणि मग? मग सून पालखीतून घरी येते आणि नावडती होती ती आवडती होते. कहाणी संपते. लहानपणी मला तिथं आनंद व्हायचा, मोठेपणी घशात काहीतरी अडकायला लागलं. जी बाई नागकन्यांबरोबर चालली, जिच्यामुळे दगडाचं सोनं झालं, तिला शेवटी मिळालं काय, तर दुसरं विशेषण. नावडती काय नि आवडती काय, दोन्ही शब्द तिच्याकडे बघणाऱ्याचे. ती स्वतःला काय म्हणत होती, हे कोणीच विचारलं नाही. मी कहाण्यांना कमी लेखत नाही. ज्या बायकांना वाटेल तेव्हा उंबरा ओलांडता येत नव्हता, त्यांनी याच कहाण्यांत रान, पाताळ आणि देवलोक बघितला. नागपंचमीच्या कहाणीतली धाकटी सून आठवा. सगळ्या जावा माहेरी गेल्या आणि हिला माहेरच नाही. नाग ब्राह्मणाचं रूप घेऊन मामा म्हणून येतो, तिला फण्यावर बसवून जमिनीखाली नेतो. ज्या मुलीला पृथ्वीवर कुठं जागा नाही, तिला पृथ्वीच्या पोटात माहेर मिळतं. हे ज्या बाईला सुचलं, तिच्या प्रतिभेपुढे मी हात जोडते. फक्त ती कहाणी जिथं थांबते, तिथून पुढे कादंबरी सुरू होते, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझ्या आईचं लग्न झालं तेव्हा वडिलांनी अंगठीनं ताम्हनातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं. आपल्यातल्या किती तरी जणींच्या घरी हे झालेलं आहे. तांदूळ पसरायचे, त्यावर सोन्याच्या अंगठीनं अक्षरं काढायची, सगळ्यांनी ते नाव वाचायचं, पेढे वाटायचे. मग ते तांदूळ उचलून ठेवायचे. अक्षरं तिथंच मोडतात, नाव मात्र जन्मभर राहतं. कौतुकानं केलेली गोष्ट होती, वडील दुष्ट नव्हते. पण आईनं एकदा मला सांगितलं की पहिले कित्येक महिने कुणी नव्या नावानं हाक मारली की ती मागे वळून बघायची, की कुणाला बोलावतात.

हा अनुभव वास्तववादी कादंबरीत लिहिता येतो, आणि तो चांगल्या लेखिकांनी लिहिलाही आहे. बाळूताई खरे नावाच्या बाईंनी 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलं तेव्हा पुस्तकावर नाव घातलं विभावरी शिरूरकर. खरं बोलण्यासाठी त्यांना खोटं नाव घ्यावं लागलं, आणि लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एका आयुष्यात तीन नावं. आता यातलं खरं कोणतं? मला वाटतं, जिनं लिहिलं ती विभावरी, म्हणजे स्वतः घेतलेलं नाव. पण वास्तवाला एक मर्यादा असते. वास्तवात बाईपुढे जेवढ्या वाटा आहेत तेवढ्याच लिहिता येतात. सासर, माहेर, नोकरी, विहीर. अद्भुत तिच्यासाठी आणखी एक दार काढतं आणि विचारतं, ही इथून गेली तर कोण होईल? त्याला पळवाट म्हणणाऱ्यांनी जरा सांगावं, की ज्या घराला दुसरी वाटच नाही तिथं भिंत फोडणाऱ्याला काय म्हणायचं.

मराठी कादंबरीचं बालपण अद्भुतात गेलं हे आपण विसरतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868ची. दोन्हींच्या नावात नायिका आहे. आत मात्र ती बहुतेक वेळ संकटात असते आणि कुणीतरी येऊन सोडवायची वाट बघते. त्यापेक्षा आपल्याकडची सातशेहून अधिक वर्षं जुनी गोष्ट मला जास्त आधुनिक वाटते.

आर्वीहून नदीपलीकडे गेलं की कौंडण्यपूर. जिल्हा अमरावती, पण वर्धा नदीच जिथं दोन्ही जिल्ह्यांची हद्द, तिथं माहेर नि सासर एकाच पाण्यावर असतात. रुक्मिणीचं हे माहेर. तिथून दरवर्षी तिची पालखी पंढरपूरला जाते. भागवतातली रुक्मिणी काय करते? भाऊ तिचं लग्न शिशुपालाशी ठरवतो, आणि ती कृष्णाला पत्र लिहिते. सात श्लोकांचं पत्र. कधी यायचं, कुठे थांबायचं, देवीच्या दर्शनाला मी बाहेर पडेन तेव्हा कसं न्यायचं, हे सगळं तीच ठरवते. लोक त्याला रुक्मिणीहरण म्हणतात. मला हरण हा शब्द पटत नाही. बेत जिचा, ती हरली गेली कशी म्हणायची?

ही रुक्मिणी मराठीत पहिल्यांदा गायली ती एका बाईनं, आणि तीही बालविधवेनं. महदाइसा. चक्रधरांची शिष्या, नागदेवाची चुलतबहीण. 'लीळाचरित्रा'त ती सारखी प्रश्न विचारताना दिसते. चक्रधरांनंतर रिद्धपूरला गोविंदप्रभूंना लग्नाचा खेळ मांडायची लहर आली आणि त्यांनी महदाइसेला धवळे गायला सांगितले. धवळे म्हणजे लग्नात गायची गाणी. त्या काळात विधवेनं मंगलकार्याच्या जवळ फिरकायचं नसे. आणि इथं तिलाच सांगितलं जातं की तू लग्नाचं गाणं म्हण. तिनं कृष्ण-रुक्मिणीचं लग्न गायलं, आणि त्या गाण्यांनी ती मराठीची आद्य कवयित्री झाली. तो क्षण मी अनेकदा डोळ्यांपुढे आणते. नवरदेव नाही, नवरी नाही, मांडव खेळातला. पण गाणारीच्या तोंडून निघालेला शब्द खरा. शिवामुठीच्या देवळातलं पागोटं खुंटीवर राहिलं, तसे ते धवळे राहिले.

याच रिद्धपूरला प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट सापडला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून, नवरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुलं लहान म्हणून कारभार तिच्या हाती आला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. तिच्या ताम्रपटांत वंशावळ दिली आहे ती गुप्तांची, तिच्या बापाच्या घराची. राज्य वाकाटकांचं, शिक्का तिचा, आणि ती सांगते मी अमक्याची मुलगी. तिच्या मुलाची, दुसऱ्या प्रवरसेनाची, प्रवरपूर ही राजधानी म्हणजेच आपलं पवनार, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आईचं नाव तांदळात लिहिलं गेलं, या राणीनं आपलं नाव तांब्यावर कोरून घेतलं. दोघींच्या मध्ये दीड हजार वर्षं आहेत, आणि दोघींच्या खुणा शोधायला मला पन्नास-साठ कोसांच्या बाहेर जावं लागत नाही.

आता वर्षभराच्या वाचनातलं मुख्य पुस्तक. 1969 साली वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष पु. शि. रेगे होते. त्यानंतर संमेलन वर्ध्यात आलं ते थेट 2023मध्ये. रेगे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, कोकणातल्या मिठबावचे, कवी म्हणून नावाजलेले. 'सावित्री' ही त्यांची छोटी कादंबरी 1962ची. हातात घेतली तर एका दुपारी संपेल, आणि मग पुढची दहा वर्षं डोक्यात राहील. सगळी कादंबरी म्हणजे सावित्रीनं लिहिलेली पत्रं. रुक्मिणीच्या पत्रानंतर मला या पत्रांचीच आठवण होते. उत्तरं आपल्याला दिसत नाहीत. महायुद्धाचा काळ आहे, सावित्री वडिलांबरोबर जपानला जाते, माणसं भेटतात, दुरावतात. यात जादूगार नाही, राक्षस नाही. तरी मी तिला अद्भुत कादंबरी म्हणते, आणि ते का, हे सांगायला हवं.

त्या पत्रांत मधेच एक गोष्ट येते, लच्छी नावाच्या मुलीची आणि मोराची. मुलीला मोर हवा आहे. मोर येईलही, पण त्याची एक अट आहे, आणि ती अट मुलीच्या स्वतःच्या नाचण्याबद्दल आहे. मी इथं सगळी सांगत नाही, तुम्ही स्वतः वाचा. एवढंच सांगते की मोर केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळे त्या मुलीला सदाच तयार राहावं लागतं, आणि अशा तयारीत राहता राहता तिचंच काहीतरी होऊन जातं. पुढे सावित्री ज्या ज्या वळणावरून जाते, तिथं ही गोष्ट तिच्याबरोबर असते. हवी असलेली गोष्ट दारात येऊन उभी राहील याची वाट बघत बसायची, की आपणच ती गोष्ट व्हायची? कहाणीतल्या नावडतीनं देवाकडे मागितलं की मला आवडती कर. सावित्री कुणाकडे असलं काही मागत नाही. मराठीत मला हे फार मोठं वळण वाटतं, आणि ते एका लोककथेसारख्या गोष्टीच्या पोटातून आलं आहे.

एक शंका मात्र मनात ठेवून वाचा. ही पत्रं बाईच्या तोंडची आहेत, लेखणी पुरुषाची आहे, आणि ती लिहिली आहेत एका पुरुषालाच. सावित्री कधी फारच शांत, फारच समजूतदार वाटते. मला कधीकधी वाटतं की हिला एकदा तरी राग यायला हवा होता. पोळी करपली म्हणून, पैसे संपले म्हणून, कुणी वेळेवर उत्तर दिलं नाही म्हणून. आपल्यातल्या ज्यांना ती पटणार नाही त्यांनी संकोच न करता तसं म्हणावं. मी स्वतः तीनदा वाचल्यावरही या प्रश्नावर डळमळीत आहे, पण तिच्याकडे पुन्हा पुन्हा जाते हेही खरं.

रागाचा तो भाग मला सापडला तो अमेरिकेतल्या उर्सुला ले ग्विन यांच्या 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन'मध्ये. ही कादंबरी 1971ची, अर्थसी नावाच्या काल्पनिक द्वीपसमूहाच्या मालिकेतली. एका पाच वर्षांच्या मुलीला आईबापापासून आणून थडग्यांच्या देवस्थानाची पुजारीण केलं जातं, आणि विधी करून तिचं नाव काढून घेतलं जातं. नवं नाव अऱ्हा, अर्थ 'खाल्ली गेलेली'. देवळाखाली अंधाऱ्या भुयारांचं जाळं आहे, तिथं उजेड न्यायला बंदी, आणि त्या अंधारात हात भिंतीला लावून रस्ता पाठ करणारी ती एकटीच. तिला अधिकार आहे, मान आहे, लोक तिला घाबरतात. फक्त ती स्वतः तिथं नाही. अर्थसीमध्ये प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ते उच्चारण्यात सामर्थ्य असतं. एक जादूगार चोर म्हणून भुयारात शिरतो, तिच्या हाती सापडतो, आणि तो तिला तिचं नाव सांगतो: टेनार.

तिथं पोचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मग मनात आलं, पुन्हा पुरुषानंच सांगितलं की. ले ग्विन यांनाही पुढे आपल्या या जगाकडे बाईच्या बाजूनं परत बघावंसं वाटलं असणार, कारण 1990मध्ये त्यांनी 'टेहानू' लिहिली. त्यात टेनार मध्यमवयीन आहे, शेतकऱ्याची विधवा आहे, मुलं मोठी होऊन गेली आहेत, गावात तिला वेगळ्याच नावानं ओळखतात. राजवाडा नाही, भुयार नाही. शेळ्या आहेत, चूल आहे, आणि भाजलेली, कुणाला नकोशी झालेली एक लहान मुलगी तिच्याकडे येते. टेनारला राग येतो, भीती वाटते, भांडी घासताना विचार येतात. पऱ्हाटीत वेचणी करून आलेल्या बाईला ही टेनार परकी वाटणार नाही. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. आपल्या बैठकीत आपण त्यातले भाग मराठीत सांगून वाचू, कुणी अडून राहायचं कारण नाही.

आपल्या जिल्ह्यात हे सगळं कागदावरच राहिलं नाही, म्हणून दोन जागा सांगते. सेवाग्रामची बापूकुटी आपण सगळ्यांनी बघितली आहे. ती आधी मीराबहेनची होती. मॅडेलिन स्लेड, इंग्रज आरमारातल्या अधिकाऱ्याची मुलगी. बेथोव्हनच्या संगीताच्या वेडातून ती रोमाँ रोलाँपर्यंत पोचली, त्यांच्याकडून गांधींचं नाव कळलं, आणि 1925 साली ती साबरमतीला आली. मीरा हे नाव गांधींनी दिलं. 1936मध्ये गांधी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले त्याआधी ती तिथं होती. गांधी गेल्यावर काही वर्षांनी, 1959मध्ये, ती युरोपात परतली आणि व्हिएन्नाजवळ राहिली, पुन्हा बेथोव्हनकडे वळली. मॅडेलिन खरी की मीरा? हे कोडं सोडवायचं नाही, असं मला वाटतं. दोन नावांच्या मधली वाट तिनं स्वतः चालून काढली, आणि त्या वाटेवर एक मातीची झोपडी आपल्या गावात उभी आहे.

त्याच 1959 साली विनोबांनी पवनारला, धाम नदीच्या काठी, ब्रह्मविद्यामंदिर सुरू केलं. ब्रह्मविद्या ही पुरुषांचीच मिरास मानली गेली, ती बायकांनी सामूहिक साधनेनं हाती घ्यावी, ही त्यामागची कल्पना. तिथं कुणी महंत नाही, निर्णय सर्वसहमतीनं होतात. याच जागी 1938मध्ये विनोबा शेत खणत असताना भरत-राम भेटीची जुनी मूर्ती जमिनीतून वर आली होती. मी जेव्हा जेव्हा तिथं जाते, तेव्हा मला कादंबरीतल्या भुयारांची आठवण होते. जमिनीखाली काय आहे, हे खणल्याशिवाय कळत नाही, आणि खणणारीला हातात टिकाव लागतो, हेही तिथल्या शेतात दिसतं. आत्म्याचा शोध म्हणजे डोळे मिटून बसणं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिथं शेतात आणि स्वयंपाकघरात राबणारे हात बघावेत.

वाचायचा क्रम मी असा सुचवते. श्रावणात कहाण्या मोठ्यानं वाचायच्या, ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी तोंडपाठ सांगायच्या. त्यांच्या पाठातले शब्द छापील पोथीपेक्षा वेगळे असतील तर ते लिहून घ्यायचे. मग महदाइसेचे धवळे. जुनी मराठी जड जाईल, पण मोठ्यानं म्हटले तर कान पकडतात. दिवाळीनंतर, वेचणीची गर्दी ओसरली की 'सावित्री'. आणि थंडी संपता संपता टेनार. जमलं तर मध्ये एका रविवारी नाव करून नदीपलीकडे कौंडण्यपूरला जाऊ.

पहिल्या बैठकीत ओळख करून देताना प्रत्येकीनं आपलं लग्नाआधीचं नाव सांगायचं ठरलं आहे. जिला सांगायचं नसेल तिनं नवं नाव सांगावं, किंवा स्वतःसाठी एखादं निवडावं. आईला मी विचारलं, येशील का? आधी म्हणाली, मी काय वाचणार. मग रात्री भांडी आवरताना तिनं एकदा ते नाव उच्चारलं, तिचा भाऊ तुरीच्या शेताच्या पलीकडून मारायचा तसं, शेवटचं अक्षर लांबवून. आम्ही भावंडांनी ते कधी ऐकलं नव्हतं. ते इथं छापत नाही. ती येणार आहे, तीच सांगेल.